तंबोऱ्याची तार निवडताना

संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मुलींचे गायन बसविण्याचे काम मजकडे आले आणि त्यात माझ्या हातून एक चूक घडली. ती इतरांकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आमच्याकडे पुरुषी गळ्याचा, मोठा मिरजेचा तंबोरा आहे. मुलींचा षड्ज काळी पाच. तंबोरा त्या पट्टीत चढविताच जोडीची एक तार तुटली. मी पदवीधर शिक्षक. पण त्या वेळी शिकलेले सारे विसरलो आणि अधिक जाड तार आणून चढविली. तीही तुटली. शिवाय आठ दिवसांत घोडीखालची तबली किंचित खचली.

जाड तार अधिक ताण सोसते, हे खरे. परंतु ती जडही असते, म्हणून त्याच स्वरासाठी तिला ताणही त्याच प्रमाणात अधिक द्यावा लागतो. तेव्हा लांबी व धातू तेच असता, तार कोणत्या स्वराला तुटेल हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसते. जाडीने वाढतो तो केवळ वाद्यावरचा भार. मीटरभर लांबीची ०.३० मिलिमीटरची पोलादी तार काळी एकच्या षड्जाला सुमारे सव्वाचार किलोने ओढते, ०.३६ ची सव्वासहा किलोने. त्याच तारा काळी पाचला नेल्या की हा ताण पावणेतीन पटींहून अधिक होतो. बिचारी तबली काय करील?

म्हणूनच बायकांचा तंबोरा आखूड असतो. उंच पट्टीवर उपाय लांबी कमी करण्याचा आहे, जाडी वाढविण्याचा नव्हे. खर्जाचे उलट आहे. तो जोडीच्या सप्तकभर खाली असल्याने तेथे जाड तार हवी, आणि ती पितळेची घालतात. पितळ थोडे जड व बरेच मऊ. उंच स्वर त्याला सोसत नाही, पण खर्जात ते गोड बोलते.

फार खाली जायचे तर नुसती जाडीही पुरत नाही. तार सळईसारखी ताठर होते व आवाज बिघडतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी वाजविलेला डबल बेस, म्हणजे उभ्याने वाजवायचे ते माणसाहून उंच व्हायोलिन, पाहावा. त्याला पूर्वी आतड्याची तात असे. ती लवचीक खरी, पण दमट हवेत स्वर सोडी. पोलादी तारा स्थिर, मात्र त्यांची ओढ सहसा जास्त. आता कृत्रिम धाग्यांच्या गाभ्यावर धातू वेटाळलेल्या ताराही मिळतात: गाभा लवचीक, वजन वेटाळणीचे, आणि हवेचा त्रास कमी. जुन्या वाद्याचा मालक त्यांकडे वळतो तो बहुधा तबलीच्या काळजीने.

मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार घराण्यांत आहे. हत्यारांना धार लावणारे हे लोक तंतुवाद्यांकडे वळले, त्यांत फरीदसाहेबांचे नाव प्रथम घेतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेव्हा तार मागविताना नुसती ‘जाड द्या’ म्हणू नये. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची लांबी मोजून कळवावी, गाणाराची पट्टी लिहावी व जुन्या तारेचा तुकडा सोबत पाठवावा. चारही तारा एकदम उतरवू नयेत. एक काढावी, एक चढवावी, म्हणजे घोडी हलत नाही. आमचा तंबोरा आता दुरुस्त होऊन काळी एकला लागला आहे. मुलींसाठी लहान तंबोरा हवा. कार्यकारी मंडळाकडे तसा अर्ज दिला आहे.