ही कटकट काय म्हणते?

हुबळीच्या उणकल तळ्याला एक फेरी मारून गाडीपाशी आलो, किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून उत्तर आले : कट-कट-कट-कट. इंजिन ढिम्म. हॉर्न मात्र खणखणीत वाजला, रेडिओही गाऊ लागला. मग सेल्फलाच काय धाड भरली?

याच उणकलमध्ये गायिका गंगूबाई हनगल यांच्या नावाचे गुरुकुल आहे. कान तयार झाल्याशिवाय गळा तयार होत नाही, हे तिथे कुणाला सांगावे लागणार नाही. मेकॅनिकचेही तसेच. आवाज सलग 'कट-कट' आहे की एकच ठाशीव 'टक्'? निम्मे निदान या लयीतच सापडते.

आधी भूक बघा. हॉर्नला पाचेक अँपिअर पुरतात. थंड पडलेले इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला शंभर-दीडशे लागतात, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. एवढा प्रवाह किल्लीच्या इवल्या स्विचमधून नेला तर स्विच वितळेल! म्हणून मध्ये एक दरवान बसवलेला असतो : सॉलेनॉइड. किल्लीकडून किरकोळ प्रवाह मिळाला की तो चुंबक होतो, लोखंडी दांडा आत ओढतो, दांडा सेल्फचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि शेवटी तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटतो. तोच तुम्ही ऐकलेला 'टक्'.

आता यातली खरी गंमत. या चुंबकात वेटोळी दोन असतात, एक जाड तारेचे, एक बारीक. हुबळीच्या सिद्धारूढ मठाचा रथ आठवा. जागचा हलवायला सगळ्यांचा जोर लागतो, एकदा चाके फिरली की तेवढा लागत नाही. तसे दांडा ओढायला दोन्ही वेटोळी, धरून ठेवायला एकटे बारीक. पण जाड वेटोळ्याला 'बस झाले' हे सांगते कोण? कुणीच नाही! चकती टेकताच त्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीचा सारखाच दाब मिळतो. सारख्या पातळीच्या दोन हौदांमधल्या नळीतून पाणी वाहील का? प्रवाह आपोआप थांबतो. ज्याला हे सुचले त्याच्या पाया पडावेसे वाटते.

आणि याच हुशारीतून कटकट जन्मते. बॅटरी अशक्त असेल तर चकती टेकताच सेल्फ अधाशासारखा प्रवाह ओढतो, दाब कोसळतो, एकट्या बारीक वेटोळ्याचा हात सुटतो, स्प्रिंग दांडा मागे फेकते. सेल्फ तुटला की दाब पुन्हा वर, दांडा पुन्हा आत. सेकंदात कितीतरी वेळा! शाळेतली विजेची घंटा काही वेगळे करत नाही.

एकच 'टक्' आला आणि हेडलाइट तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीला दोष देऊ नका. चकतीचे बोल्ट जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले. जुने मिस्त्री सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकतात आणि गाडी चालू होते. जादू नव्हे, अडकलेला ब्रश क्षणभर टेकतो, एवढेच.

माझे हेडलाइट मात्र विझत आले होते. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पोट भरलेले. मग? टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड होती. समजा तिचा अडथळा ०.०५ ओहम. हॉर्नच्या ५ अँपिअरला ती जेमतेम पाव व्होल्ट खाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फने १०० मागितले की तीच पूड ५ व्होल्ट गिळते!

चहाच्या टपरीवरून भांडेभर गरम पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा मागून आणला. दहा नंबरच्या पान्याने आधी वजा टर्मिनल सोडवले. ते जोडलेले असताना अधिकचे सोडवायला जावे आणि पाना बॉडीला टेकावा, तर ठिणग्यांची दिवाळी होते. पूड फसफसून विरघळली.

टर्मिनल वाळेपर्यंत एक नवल सांगतो. बॅटरीतले शिसे जड, म्हणून त्याचे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास ६० टक्के वेगाने धावतात. तिथे न्यूटन पुरत नाही, आइन्स्टाइन लागतो. राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणित मांडले : बॅटरीच्या एका घराच्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ सापेक्षतेचे आहेत. म्हणजे सहा घरांच्या बॅटरीत सुमारे दहा! कथील हा शिशाचाच हलका भाऊबंद, पण कथलाची अशी बॅटरी का नाही, हेही यातून उलगडते.

टर्मिनल घट्ट आवळले, किल्ली फिरवली. एक टक्, मग घर्र. भांडे परत करायला टपरीवर गेलो तेव्हा इंजिन मात्र चालूच ठेवले.