भाग घेण्याआधी कागद बघा : सहकारी संस्था, उत्पादक कंपनी आणि आपण



गेल्या काही वर्षांत आपल्या वाशिम जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगाव निघाल्या आहेत. कोणी सोयाबीन-तूर गोळा करते, कोणी हळदीवर प्रक्रिया करते, कोणी बियाणे तयार करते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणि 'स्मार्ट' यांसारख्या योजनांमुळे या कामाला वेग आला. आपले पुष्कळ सभासद कारखान्याचेही भागधारक आहेत आणि अशा एखाद्या कंपनीचेही. ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात आलेले सभासद हमखास विचारतात, "साहेब, हजार रुपये मागतात, शेअर घ्यावा का?" त्यासाठीच हा लेख. प्रस्तुत लेखक वकील नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी शेतकऱ्याला जेवढे ठाऊक असावे, तेवढे येथे सोप्या भाषेत देत आहे.

१. दोन कायदे

आपला कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेला आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्यापासून हीच सहकाराची वाट चालत आली. उत्पादक कंपनीची वाट निराळी. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीनंतर २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांच्या कंपनीची तरतूद आली. आज ती कंपनी अधिनियम २०१३ च्या प्रकरण २१-अ मध्ये आहे. २०२० च्या दुरुस्तीने ते प्रकरण घातले गेले.

कमीत कमी दहा उत्पादक शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. संचालक पाचपेक्षा कमी नसावेत आणि पंधरापेक्षा जास्त नसावेत. रोजचा कारभार पाहणारा मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ असावा लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा, असे कायदा सांगतो. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो, अशा माणसाला सभासद होता येत नाही. आपल्या गावच्या कंपनीत याप्रमाणे आहे का, हे आधी पाहावे.

२. मत आणि पैसा

साध्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. उत्पादक कंपनीत तसे नाही. सभासद शेतकरी असतील तर शंभर भागांचा धनी असो की एका भागाचा, मत एकच. सहकारी संस्थेतही एक सभासद एक मत, म्हणजे या बाबतीत दोन्ही सारख्या.

पैशाचे मात्र नीट समजून घ्या. उत्पादक कंपनीत भागावर मिळणारा परतावा मर्यादित असतो. राखीव निधी बाजूला काढून जे उरते, त्यातून सभासदाने कंपनीशी जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस देता येतो. समजा, दोघांकडे दहा-दहा भाग आहेत. एकाने चाळीस क्विंटल सोयाबीन कंपनीला घातले, दुसऱ्याने सगळे बाजार समितीत विकले. भागावरचा परतावा दोघांना सारखा, पण बोनस पहिल्यालाच. म्हणून "पैसे गुंतवा, घरबसल्या दुप्पट होतील" असे कोणी सांगत असेल तर ती उत्पादक कंपनीची भाषा नव्हे, असे खुशाल समजावे.

हे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. दुसऱ्या सभासदाला द्यायचे तरी संचालक मंडळाची मंजुरी लागते आणि ते दर्शनी किमतीलाच द्यावे लागतात. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारस नेमण्याची तरतूद आहे. ही नोंद टाळू नका. कारखान्याच्या भागांवरही वारस लागला आहे का, ते एकदा शेअर विभागात येऊन तपासा. घरातील कर्ता माणूस गेल्यावर दाखला कपाटात आणि नोंद कोठेच नाही, अशाने पुष्कळ कुटुंबांची वर्षे खेटे घालण्यात जातात.

३. आपला कारखाना कंपनी होईल काय?

"उद्या संचालक मंडळ ठराव करील आणि कारखान्याची कंपनी होईल," असे पारावर बोलले जाते. कायदा एवढा सोपा नाही. सहकारी संस्थेचे थेट उत्पादक कंपनीत रूपांतर करण्याची वाट त्या प्रकरणात आंतरराज्य सहकारी संस्थांसाठी आहे. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या आपल्यासारख्या संस्थेला ती लागू नाही.

खरा धोका वेगळा आहे. कर्ज थकले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकू शकते. महाराष्ट्रात कित्येक सहकारी कारखाने अशा रीतीने खाजगी कंपन्यांकडे गेले. अशा वेळी यंत्रे आणि जमीन कंपनीची होते, पण सभासदाचा भाग त्या कंपनीचा भाग होत नाही. तो जुन्या संस्थेतच राहतो, आणि संस्था अवसायनात गेली तर आधी देणेकरी, मग उरलेच तर सभासद. म्हणून वार्षिक अहवालात लाभांशाच्या ओळीआधी कर्जाचे पान वाचावे. गेल्या वर्षी कर्ज किती होते, यंदा किती आहे, आणि काय तारण दिले आहे, एवढे तीन प्रश्न सभेत विचारायला वकील लागत नाही.

४. उसाच्या पैशाचा नियम सर्वांना एकच

कारखाना सहकारी असो की कंपनीचा, ऊस नियंत्रण आदेश १९६६ दोघांनाही लागू आहे. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावयाचे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. एक लाख रुपये मुदतीनंतर साठ दिवस थकले, तर व्याज सुमारे २,४६६ रुपये होते. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याचीही तरतूद आहे. पण ध्यानात ठेवा : चौदा दिवसांचा नियम "वेगळा लेखी करार नसेल तर" असा आहे. म्हणून चिटबॉयने पुढे केलेल्या छापील करारावर वावरात उभ्याउभ्या सही करू नका. घरी आणा, शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या, मग सही करा. वजनाच्या पावत्या हंगाम संपून पूर्ण पैसे हाती येईपर्यंत जपून ठेवा.

५. कागद कोठे पाहावेत

*सहकारी संस्थेचे :* सहकार कायद्याचे कलम ३२ सभासदाला कार्यालयीन वेळेत, विनामूल्य, पुढील कागद पाहू देते : कायदा, नियम व पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी. ठरलेली फी भरली की नकला मिळतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.

*कंपनीचे :* केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की प्राथमिक माहिती फुकट दिसते : नोंदणीची तारीख, पत्ता, भागभांडवल, संचालक, शेवटची वार्षिक सभा केव्हा झाली, शेवटचा ताळेबंद केव्हाचा. शंभर रुपये फी भरून तिने दाखल केलेले कागदही पाहता येतात. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो. त्यात राज्याच्या दोन अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे नोंदणीचे साल. "आमची कंपनी दहा वर्षे जुनी" म्हणणाऱ्याचे खरे-खोटे तेथेच कळते. कंपनीची घटना आणि नियमावली मागून घ्या. भाग, मत, बोनस यांचे नियम त्यातच असतात.

*सभा :* उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी यावी लागते, सोबत विषयपत्रिका, मागील इतिवृत्त आणि हिशेबही. नियमावलीत जास्त ठेवली नसेल तर गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. चारशे सभासद असतील तर शंभर जण हजर हवेत. चहा पिऊन परत फिरणारे शंभरात धरू नयेत.

*कायद्याची पुस्तके :* केंद्राचे व राज्याचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. गावातील सेवा केंद्रावर हवे ते कलम छापून मिळते.

६. वाद झाला तर

सहकारी संस्थेतील पुष्कळसे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. ऊसदराची तक्रार प्रादेशिक सहसंचालक (साखर) किंवा साखर आयुक्त, पुणे यांच्याकडे करावी. उत्पादक कंपनीतील सभासदांचे आपसांतील वाद समेटाने किंवा लवादाने सोडवावेत, असे कायदा सांगतो. वकिलाची फी परवडत नसेल तर वाशिम येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. वकिलाकडे जाताना भागाचा दाखला, पैसे भरल्याची पावती, करार, सभेची नोटीस आणि केलेल्या अर्जांच्या पोच क्रमाने लावून न्या. निम्मे काम तेथेच होते.

बेणे घेताना आपण कांडी हातात घेतो, डोळे पाहतो, कोणता प्लॉट म्हणून विचारतो. मग भाग घेताना कागद न पाहता अंगठा का द्यावा? उत्पादक कंपनी वाईट नाही आणि सहकारही आपोआप चांगला होत नाही. ज्या संस्थेचे सभासद हिशेब मागतात ती टिकते.

कागद समजला नाही तर गट ऑफिसात घेऊन यावे. लागवडीच्या सल्ल्याइतक्याच आनंदाने वाचून दाखवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी