युद्धविषयक संगणकीय खेळातील कालक्रम व मराठा राज्यसंघ

संगणकीय खेळातील कालक्रम तपासताना कथेची अंतर्गत सुसंगती आणि इतिहासाशी असलेली सुसंगती या दोन कसोट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘टोटल वॉर’ या युद्धविषयक खेळमालिकेतील ‘एम्पायर’ (२००९) हा भाग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील मोहीम इ.स. १७०० मध्ये सुरू होते आणि मराठे आरंभापासूनच ‘राज्यसंघ’ म्हणून वावरतात. खेळाच्या नियमांत ही विसंगती ठरत नाही. इतिहासात मात्र मार्च १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले व महाराणी ताराबाईंनी मोगलांविरुद्धचा लढा पुढे चालविला. शिंदे, होळकर, भोसले आदी सरदारांचा संघ पुढे पेशवेकाळात आकारास आला. म्हणजेच येथे परिणाम कारणाआधी येतो.

शिवाय खेळात संपूर्ण संघ एकाच खेळाडूच्या आज्ञेत असतो. सोनाळ्याच्या पूर्वेस, अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, तेव्हा होळकर अलिप्त होते. ही दुही अशा रचनेत दिसूच शकत नाही. म्हणून अध्यापनात या खेळाचा आधार घेताना सनावळीबरोबरच कारणपरंपराही तपासणे अगत्याचे ठरते.