'परवा' आला की येणार?

तिसरी-चौथीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो: 'खालील वाक्यांचा काळ ओळखा.' मुले फार हुशार. त्यावरची युक्ती ती लगेच शोधून काढतात. शेवटी 'तो' आला की वर्तमानकाळ, 'ला' आला की भूतकाळ आणि 'ईल' आला की भविष्यकाळ! पैकीच्या पैकी गुण मिळतात, घरात कौतुक होते. पण आईने जेवायला हाक मारली की हेच चिरंजीव मैदानातून 'आलो, आलो!' म्हणून ओरडतात, तेव्हा ते कुठे आलेले असतात? रूप भूतकाळाचे, आणि स्वारी अजून चेंडूमागे धावते आहे. काळ हा शेवटच्या अक्षरात नसतो, तो बोलणाऱ्याच्या मनात असतो, हे त्या युक्तीतून कधीच उमगत नाही.

खरे तर मूल शाळेत येते तेच व्याकरण घेऊन. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळं खाल्लं'. खाणारा एकच, पण क्रियापद मात्र खाल्लेल्या पदार्थाच्या तालावर नाचते. प्रौढपणी मराठी शिकू पाहणारी माणसे नेमकी इथेच ठेचकाळतात. 'कर्मणी प्रयोग' हे भारदस्त नाव कानांवर पडण्याच्या कितीतरी आधी आपली चिमुरडी हे सारे बिनचूक बोलत असतात.

आणि चुकतात तेव्हाही ती उगाच चुकत नाहीत. 'मी चित्र करलं' असे मूल म्हणते, तेव्हा आपण हसतो. पण 'भर'चे 'भरलं', 'धर'चे 'धरलं', मग 'कर'चे 'करलं' का नको? नियम त्याने स्वतः शोधला आहे. आडवाटेने गेली आहे ती आपली भाषा! अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम बनवलेले, अर्थहीन शब्द दिले होते. कधीही न ऐकलेल्या त्या क्रियापदांचीही भूतकाळी रूपे मुलांनी नियमानुसार तयार केली. म्हणजे मूल नुसते पाठ करत नाही, ते नियम बांधत असते. 'करलं'वर रागावण्याचे कारण नाही. 'अरे वा, छान केलंस की चित्र!' एवढे बोलले तरी योग्य रूप त्याच्या कानांवर जाते आणि उत्साहही शाबूत राहतो.

खरा प्रश्न उभा राहतो तो वेगळ्याच ठिकाणी. गावाकडचा मुलगा वर्गात उभा राहून म्हणतो, 'मी काल जत्रेला गेलतो.' विदर्भातली मुलगी मैत्रिणीला विचारते, 'तू काय करून राहिली?' यावर 'अशुद्ध!' असा शिक्का बसला की वर्गात हशा पिकतो आणि ते मूल खाली बसते. पुढच्या वेळी त्याचा हात वर येत नाही. वास्तविक 'गेलो होतो'चे 'गेलतो' होणे हे घाईतले नियमबद्ध रूप आहे, आणि 'करून राहिली'मध्ये क्रिया चालू असल्याची खूण स्पष्ट आहे. दोघांचाही काळ अचूक आहे! घरची भाषा चुकीची ठरवायची नाही. तिच्या शेजारी पुस्तकाची भाषा ठेवायची. 'तू म्हणतोस गेलतो, पुस्तकात लिहितात गेलो होतो' असे सांगितल्याने मुलाला दोन रूपे मिळतात, आणि आई-आजीची भाषा टाकून द्यावी लागत नाही.

मग काळ शिकवायचा तरी कसा? आपल्या मराठीने एक सुरेख खेळणे देऊन ठेवले आहे: 'परवा' हा शब्द. नुसते 'परवा मामा' म्हणून थांबा. मामा आला की येणार? होऊन गेलेला परवा आणि पुढे येणारा परवा यांचा निवाडा एकटे क्रियापद करते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून हा खेळ खेळलात, तर काळाचे प्रयोजन मुलाला व्याख्येविना कळते. व्याख्येची घाई केली की 'भूतकाळ' म्हटल्याबरोबर निम्म्या वर्गाला पिंपळावरचे भूतच आठवते!

दुसरा धडा स्वयंपाकघरात आहे. मटकी भिजत घाला आणि मुलाला रोज एक वाक्य बोलू द्या. 'काल मटकी भिजवली. आज ती फुगली आहे. उद्या मोड येतील.' मोड आले की कालचे भाकीत आज घडलेली गोष्ट होते. तिसरा धडा आजोबांपाशी. 'तुमच्या लहानपणी काय करायचे?' असे विचारले की 'आम्ही विहिरीवर पोहायला जायचो' अशी वाक्ये आपोआप येतात. एकदा घडलेले आणि नेहमी घडत असलेले यांतला फरक मुलाच्या कानांत रुजतो.

ज्ञानेश्वरी १२९० मधली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मधले, आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मधले. आधी भाषा बहरली, मागाहून तिचे नियम लिहिले गेले. मुलांच्या बाबतीतही हाच क्रम राहू द्यावा. नावे आणि व्याख्या सावकाश येतील. आज एवढेच पाहू या, की शाळेतून आलेले मूल दिवसभरात काय घडले ते सांगू लागले, तर मध्येच त्याचे क्रियापद दुरुस्त न करता आपण त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतो ना?