तलावाकाठी तंबूला जागा हवी

कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात तलावांवरचा बर्फ पुरता वितळलेलाही नसतो, तेव्हाच उन्हाळ्यातले शनिवार-रविवार संपून जातात. वसंताच्या तोंडाशी प्रांतीय उद्यानांमधल्या कॅम्पसाइटचं आरक्षण उघडतं, संगणकावर भलीमोठी रांग लागते आणि पाण्यालगतच्या, विजेची जोडणी असलेल्या जागा बघता बघता जातात. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं मला विचारत होतं, "काकू, मुलांना घेऊन तलावावर मुक्कामाला जायचंय, काय करावं लागतं?" जुलैचं आत्ताच ठरवा, असं मी सांगितलं. दोघंही गप्प झाले. दोघांच्याही नोकऱ्या पाळीच्या, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक या आठवड्यात कळतं. त्यांनी जुलैतला शनिवार आतापासून कसा धरून ठेवायचा?

हे मला फार लागलं. ही उद्यानं कुणासाठी निघाली होती, ते आठवलं की जास्तच लागतं. १९३० मध्ये जमीन आणि इतर नैसर्गिक संपत्तीचा ताबा ओटावातल्या केंद्र सरकारकडून प्रांताकडे आला आणि १९३१ मध्ये सायप्रस हिल्स, मूस माउंटन, डक माउंटन, गुड स्पिरिट लेक अशी पहिली उद्यानं झाली. काळ महामंदीचा. पाऊस नाही, शेतांतली माती वाऱ्यावर उडतेय, गव्हाला भाव नाही. त्या दिवसांत बेकारांच्या हातांना काम म्हणून उद्यानांतल्या इमारती उभ्या राहिल्या. तिजोरीत खडखडाट असताना या प्रांताने सामान्य माणसासाठी पाण्याचा काठ राखून ठेवला, याबद्दल मला त्या पिढीचा आदर वाटतो.

ज्या तलावावर माझा जीव आहे, तो मात्र निसर्गाने दिलेला नाही. दक्षिण सस्कॅचवन नदीवर १९५९ ते १९६७ या काळात गार्डिनर धरण बांधलं गेलं. ६४ मीटर उंच, जवळपास पाच किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. त्यामागे २२५ किलोमीटर लांबीचा लेक डीफेनबेकर पसरला. धरणाला लिबरल पक्षाच्या गार्डिनरांचं नाव, तलावाला कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डीफेनबेकरांचं आणि काठच्या एका उद्यानाला समाजवादी प्रीमियर टॉमी डग्लस यांचं. आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढलेली ही तीन माणसं एका पाण्याभोवती नांदतात.

मिस्टासेनी मात्र त्या पाण्यात गेला. बसलेल्या गव्याच्या आकाराचा हा चारेकशे टनांचा धोंडा क्री लोकांचं पवित्र स्थान होता. तो हलवून वाचवावा म्हणून लोकांनी खटपट केली, पण ती फळाला आली नाही आणि डिसेंबर १९६६ मध्ये सुरुंग लावून तो फोडला गेला. त्याचे काही तुकडे आज एल्बो गावाच्या बंदराजवळ स्मारकात बसवलेले आहेत. आपलं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की निदान देवळाचं दर्शन तरी होतं. मिस्टासेनीच्या वाट्याला तेही आलं नाही. एल्बोला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या तुकड्यांपाशी थांबावं, असं मी सगळ्यांना सांगते.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत काठावर कॅरागानाच्या झुडपांची कुंपणं आणि पॉप्लरची झाडं वाढली. उघड्या माळावर तंबूला आडोसा देणारं दुसरं काही नसतं. याहून जास्त सांगण्याजोगं त्या वर्षांत मला सापडत नाही.

आम्ही आलो २००३ मध्ये. तेव्हापासून २०१३ पर्यंतचा काळ हा माझ्या मते या तलावाचा सगळ्यात चांगला काळ. शुक्रवारी पाळी संपली की गाडीत तंबू, कुकर, तवा, कांदे-बटाटे आणि मुलं भरायची आणि निघायचं. उद्यानाच्या दाराशी पेटीत पाकिटं असत. मोकळी जागा शोधायची, पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, आत नोटा घालून ते पेटीत टाकायचं, फाडलेला तुकडा जागेच्या खांबाला अडकवायचा. संपलं. आधी आला त्याची जागा. तिथे कुणाचा पगार, कुणाचा उच्चार, कुणाला येऊन किती वर्षं झाली, असलं काही आड येत नसे.

शेजारी बहुतेक शेतकरी. पेरण्या आटपून आलेल्या एका आजोबांनी पहिल्याच वर्षी आमचा तंबू उतरवायला लावला. वायव्येकडून वारा येतो, त्याच्याकडे तंबूची अरुंद बाजू करा, दार दुसरीकडे, आणि वाळूत खुंट्या नुसत्या ठोकू नका, आडव्या पुरून वर दगड ठेवा. त्या रात्री एक वाजता वादळ आलं आणि आमचा तंबू जागेवर राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पकडलेले वॉलआय मासे साफ करून आणून दिले. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आगळ, हळद, तिखट, मीठ लावून ते मुरवले, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवले आणि फायर पिटच्या जाळीवर बिडाचा तवा ठेवून तळले. आजी-आजोबा तिथेच, आमच्या बाकावर बसून जेवले. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी दोन्ही म्हाताऱ्यांचं बोलणं चाललं होतं. जूनमध्ये इथे साडेनऊला सूर्य मावळतो आणि दहा वाजून गेले तरी उजेड रेंगाळतो. ती माणसं उठली तेव्हा कोयोट ओरडायला लागले होते.

सगळेच असे नव्हते. आमच्या फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून पलीकडच्या ट्रेलरमधल्या एका गृहस्थाने तक्रार केली होती आणि उद्यानाच्या माणसाने येऊन आम्हाला स्टोव्ह हलवायला सांगितला होता. त्याच गृहस्थाचा जनरेटर रात्रभर घरघरत होता, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते मी विसरलेले नाही.

त्या दशकाची अखेर जून २०१३ ची. कॅल्गरीत महापूर आला, ते पाणी पुढे आमच्या तलावात उतरलं आणि धरणाचा सांडवा उघडला. माणसं मुलाबाळांसह ते पाहायला आली. खाली माशांच्या आशेने पांढरे पेलिकन जमले होते. त्या गर्दीत मराठी, पंजाबी, फिलिपिनो, युक्रेनियन घरं सतरंज्या टाकून बसली होती.

मग ट्रेलर लांब होत गेले. त्यांना वीज हवी, म्हणून साध्या जागांवर विजेचे खांब आले आणि भाडं वाढलं. काठावर खासगी बंगल्यांच्या वसाहती झाल्या. कोविडच्या दोन उन्हाळ्यांत सीमा बंद होत्या, सगळा प्रांत उद्यानांकडे धावला आणि आरक्षणाची सवय कायमची झाली. लांबून येणाऱ्याला जागेची खात्री लागते, हे मला मान्य आहे. पण ती खात्री लवकर ठरवू शकणाऱ्यालाच मिळते, आणि लवकर ठरवता येणं ही स्थिरावलेल्या माणसाची चैन आहे. वर शेजारच्या मॅनिटोबातल्या क्लिअर लेकमध्ये २०२३ मध्ये होड्यांना चिकटून पसरणारे झेब्रा शिंपले सापडले, पुढच्या उन्हाळ्यात तिथे लोकांना आपापल्या होड्या घालायला बंदी झाली. ते संकट आमच्याकडे आलं तर उरलेल्या तलावांवर आणखी गर्दी होईल.

२०३१ मध्ये या उद्यानांना शंभर वर्षं होतील. तोपर्यंत एवढंच व्हावं: प्रत्येक उद्यानात पाण्याजवळच्या काही जागा फक्त तंबूंसाठी, विजेशिवाय, आरक्षणाबाहेर ठेवाव्यात. जो त्या दिवशी येईल त्याची जागा. खर्च काहीच नाही, दाराशी एक पेटी आणि पाकिटं पुरतात. इथे राहणाऱ्या मराठी घरांनी आपापल्या आमदाराला हे लिहावं. आणि ज्यांना आठवड्याच्या मधली सुट्टी मिळते त्यांनी थांबू नये, मंगळवारी-बुधवारी जागा अजूनही मिळते.