‘स्मार्ट’ बंदूक आणि घराचा कठडा

(रविवारच्या कौटुंबिक सभेत दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



एका निवृत्त परिचारिकेने बंदुकीविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. परंतु ऑक्टोबर 2023 नंतर इस्राएलने नागरिकांना शस्त्रपरवाने देण्याचे नियम सैल केले, आणि लोद, अश्दोद, दिमोना, बेर शेबा येथील आपल्या नातलगांच्या घरी हा विषय पोहोचला. मला तिकडून तीन-चार वेळा एकच प्रश्न आला: “मालकाचे बोट ओळखणारी बंदूक आता निघाली आहे म्हणतात. ती घरात असली, तर मुलांना धोका नाही ना?” विचारणाऱ्या सगळ्या आयाच होत्या. त्यांना देण्याजोगे उत्तर आज आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. अनधिकृत हातात बंदूक चालू नये, ही कल्पना जुनी आहे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने 1880 च्या दशकात मुठीच्या मागे पट्टी असलेले रिव्हॉल्व्हर काढले. ती पट्टी दाबून धरल्याविना चाप चालत नसे, आणि लहान मुलाच्या हातात तेवढी शक्ती नसते, असा त्यामागील विचार होता. 1970 च्या दशकात चुंबकाची अंगठी घातलेल्या हातातच चालणारे रिव्हॉल्व्हर आले. पुढे आर्माटिक्स या जर्मन कंपनीने असे पिस्तूल केले की, मालकाच्या मनगटावरील घड्याळाकडून रेडिओ संदेश मिळाल्यावरच ते चाले. 2017 साली एका तंत्रज्ञाने थोड्याशा डॉलरांची चुंबके शेजारी धरून ते कुलूप निष्प्रभ करून दाखविले. 2023 पासून अमेरिकेतील बायोफायर कंपनी बोटाचा ठसा आणि चेहरा, दोन्ही ओळखणाऱ्या पिस्तुलाची मागणी नोंदवू लागली. म्हणजे ही वस्तू आता केवळ कल्पनेतली राहिलेली नाही.

ती व्यवहार्य आहे काय? येथे माझा अनुभव थोडा उपयोगी पडतो. रुग्णाच्या बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आपण सर्वांनी पाहिले आहे. बोट थंड असेल, नखाला रंग असेल, रुग्ण थरथरत असेल, तर ते चुकीचा आकडा दाखविते किंवा काहीच दाखवीत नाही. ठसा ओळखणाऱ्या यंत्राची गतही फारशी वेगळी नाही. ओला हात, रक्ताने माखलेला हात, हातमोजा, वारंवार धुऊन सोलवटलेली त्वचा, यांपैकी काहीही आड येते. आणि बंदूक ज्या क्षणी हवी असते, त्या क्षणी माणसाचा हात कोरडा आणि स्थिर असेल, अशी अपेक्षा करता येत नाही. चेहरा किंवा ठसा, दोहोंपैकी कोणतेही एक जुळले तरी चालेल अशी सोय केल्याने ही अडचण कमी होते, पण संपत नाही.

यंत्र कधी ना कधी बिघडणारच. म्हणून खरा प्रश्न असा की, बिघडल्यावर त्याने काय करावे? रुग्णालयातील विजेवर चालणारी दारे आग लागल्यास आपोआप उघडतात, कारण तेथे बंद दार जीव घेईल. औषधांचे यांत्रिक कपाट मात्र वीज गेली तरी बंदच राहते, कारण तेथे उघडे दार जीव घेईल. दोन्ही व्यवस्था योग्य आहेत, पण परस्परविरुद्ध आहेत. पोलिसाचे पिस्तूल पहिल्या प्रकारचे आहे: बॅटरी संपली तरी ते चाललेच पाहिजे. घरातले पिस्तूल दुसऱ्या प्रकारचे आहे: शंका येताच ते मुके झाले पाहिजे. घरात बंदूक ठेवू पाहणाऱ्याला मात्र रात्री चोराविरुद्ध पहिला गुण हवा असतो आणि दिवसा मुलासाठी दुसरा. एकाच बॅटरीकडून या दोन्ही गोष्टी मागता येत नाहीत.

हे कुलूप कोठे उपयोगी पडेल, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. जून 2015 मध्ये आपल्या सिंगापुरात, खू टेक पुआट रुग्णालयात, अटकेतील एका इसमाने पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला करून त्याचेच रिव्हॉल्व्हर हिसकावले आणि गोळ्या झाडल्या. अधिकारी जखमी झाला, सुदैवाने वाचला. परक्या हातात न चालणारे शस्त्र अशाच प्रसंगासाठी हवे. अमेरिकन सरकारने 1990 च्या दशकात या संशोधनाला पैसा दिला, तोही पोलीस स्वतःच्याच हिसकावलेल्या शस्त्राने मारले जात होते म्हणून.

आता दुसरी बाजू. एप्रिल 2021 मध्ये येथेच एका सहायक पोलिसाने नोकरीच्या ठिकाणचे रिव्हॉल्व्हर नेऊन जुराँग ईस्ट येथील सावकारी पेढी लुटली. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार मिळालेलाच हा माणूस होता. कुलूप हात ओळखते; त्या हातामागील मनात काय चालले आहे, ते त्याला कळत नाही. आम्हां परिचारिकांना हे ठाऊक असते. म्हणूनच मॉर्फिनच्या कपाटाला नुसते कुलूप पुरेसे मानले जात नाही. पाळी बदलताना दोघी मिळून मोजदाद करतात आणि दोघींची सही होते.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगते. घरातील बंदुकीचा धोका केवळ मुलाला नसतो, मालकालाही असतो. निराशेच्या क्षणी स्मार्ट बंदूक आपल्या मालकाला ओळखेल आणि आज्ञाधारकपणे चालेल. इस्राएली सैन्याने 2006 साली आठवडाअखेरच्या रजेवर घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवावयास सांगितले. त्यानंतर तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः रजेच्या दिवसांतील होती. त्या मुलांची दुःखे काही नाहीशी झाली नव्हती. शस्त्र हाताशी नव्हते, एवढेच. तो क्षण टळला की पुष्कळदा माणूस वाचतो. मी आपत्कालीन विभागात अनेक वर्षे काढली आहेत. हे मी नुसते वाचलेले नाही.

सिंगापूरने हाच मार्ग अधिक कठोरपणे धरला. नॅशनल सर्व्हिसमध्ये आपल्या मुलांच्या हाती रायफल येते, पण ती छावणीच्या शस्त्रागारात राहते, घरी येत नाही. 1973 च्या कायद्याप्रमाणे इजा करण्याच्या हेतूने गोळी झाडली, तर ती कोणाला लागो वा न लागो, शिक्षा मृत्यूची आहे. 2021 मध्ये संमत झालेल्या कायद्याने परवान्याविना बंदुकीचे संगणकीय आराखडे बाळगणेही गुन्हा ठरविले. याचा परिणाम काय? मशिदींवर हल्ल्याचा बेत करणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाला डिसेंबर 2020 मध्ये स्थानबद्ध करण्यात आले. त्याला आधी रायफल हवी होती. येथे ती मिळणे कठीण म्हणून तो कोयत्याकडे वळला. काही आठवड्यांनी दुसरा एक तरुण पकडला गेला. त्याचा बेत वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन आबोथ सिनेगॉगमधून शब्बाथची प्रार्थना करून बाहेर पडणाऱ्यांवर सुरा चालविण्याचा होता. ती माणसे आपलीच होती. सुराही जीव घेतो, हे खरे. परंतु सुऱ्यापासून पळता येते, त्याला अडविता येते.

तोरा आपणांस नवे घर बांधताना गच्चीला कठडा घालावयास सांगते. पडणाऱ्याने सावध असावयास हवे होते, ही सबब ती घरमालकाला देत नाही. मोडकी शिडी किंवा चावरा कुत्रा घरात ठेवू नये, असेही आपले हखाम सांगून गेले.

म्हणून माझे उत्तर असे. सिनेगॉगच्या दारावर उभ्या असलेल्या रक्षकाला हे तंत्रज्ञान मिळावे, पण आधी पोलिसांनी ते वर्षानुवर्षे वापरून पारखलेले असावे. शस्त्र म्यानातून निघताच नियंत्रण कक्षाला कळविणारे स्मार्ट म्यान सिंगापूर पोलिसांनी पुढे आणले आहे. ते शस्त्र अडवीत नाही, मदत बोलाविते. आज तरी ते अधिक भरवशाचे वाटते. घरासाठी मात्र पहिला कठडा म्हणजे बंदूक घरात नसणे. नोकरीमुळे किंवा सीमेलगतच्या वस्तीमुळे ती ठेवणे भागच असेल, तर ती लोखंडी तिजोरीत ठेवावी, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि एक किल्ली घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाकडे असावी. घरात कोणी उदास राहू लागले, झोप हरवून बसले, तर त्याच दिवशी ते शस्त्र घराबाहेर सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे. इतके सगळे केल्यावर बंदूक स्मार्टही असली तर उत्तमच. पण ते शेवटचे कुलूप आहे, पहिले नव्हे. “यंत्र आहे ना” असे म्हणून जो तिजोरी उघडी टाकतो, त्याच्या घरातला धोका त्या यंत्राने वाढविलेला असतो.