वास्तूचे स्थलांतर आणि विम्याचे छत्र



धान्याच्या मालाचा विमा उतरविताना आपण माल, वजन व भाव काळजीपूर्वक तपासतो. परंतु ज्या वखारीत तो माल राहतो ती वखारच उठून दुसऱ्या गावी निघाली तर तिच्या विम्याचे काय होते, हा विचार सहसा मनात येत नाही. आमच्या जोयडा तालुक्यातील व्यापाऱ्यांना मात्र तो टाळता आला नाही.

काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा हे पूर्वी या तालुक्याचे ठाणे होते. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले आणि १९८० नंतरच्या दशकात ते गाव जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि अनेक कुटुंबांनी रामनगर येथे नवा संसार मांडला. शाळा सोडून मी नुकताच पेढीवर बसू लागलो होतो. वडिलांनी वखार उतरविली. सागवानी तुळया, वासे व दारे यांवर गेरूने आकडे घातले, मंगळुरी कौले गवतात रचली आणि सर्व सामान ट्रकमध्ये भरले. घाटवळणावर एक ट्रक कलंडला. माणसे वाचली, पण कौलांचा चुरा झाला व दोन मोठ्या तुळया चिरल्या.

वडिलांपाशी अग्निविम्याचा कागद होता. हप्ताही वेळेवर भरलेला होता. परंतु विमा कचेरीचे उत्तर आले की, हा विमा अमुक जागी उभ्या असलेल्या वखारीचा आहे. वाटेवरील लाकडांचा नव्हे. वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "कागदाची चूक नाही, न वाचणाऱ्याची आहे." त्या वर्षी घरातील सोने मोडून छप्पर पुरे करावे लागले.

ते उत्तर कटू असले तरी नियमास धरून होते. अग्निविमा हा इमारतीचा तिच्या जागेसह केलेला करार होय. आपल्या देशात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या प्रमाण अग्निविम्यात अशी अट आढळते की, विम्यातील संकटाव्यतिरिक्त अन्य कारणाने इमारत पडली वा जागेवरून हलली, तर सात दिवसांनंतर संरक्षण संपते. तसेच इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास, कंपनीची संमती आधीच कागदावर नोंदवून घेतली नसेल तर संरक्षण थांबते. स्थलांतर करणाऱ्याचे घर प्रथम रिकामे होते व मग हलते. म्हणजे दोन्ही अटी त्याच्याच वाट्याला येतात.

म्हणून या कामाचे तीन टप्पे वेगळे मानावेत. उतरविताना मजुरांस वा शेजाऱ्यांस होणाऱ्या इजेची जबाबदारी. वाटेत सामानाचा वाहतूक विमा. आणि नव्या जागी उभारणी पुरी होईपर्यंत बांधकामाचा विमा. वास्तू उभी राहिली की नव्या पत्त्याचा अग्निविमा. एका टप्प्याचा कागद दुसऱ्या टप्प्यास उपयोगी पडत नाही.

विम्याची रक्कमही खरी असावी. दहा लाखांच्या वास्तूचा सहा लाखांचा विमा उतरविला आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीनुसार एक लाख वीस हजारच हाती येतात. हप्त्यातील बचत अशी व्याजासह परत द्यावी लागते.

वास्तू हलविणे अशक्य नाही, हे घाटाखाली गोव्यातही दिसले. साळावली धरणामुळे कुर्डी गाव बुडणार म्हणून तेथील कदंबकालीन महादेव मंदिराचे दगड एकेक करून सोडविण्यात आले आणि सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ, मंदिर पुन्हा उभारण्यात आले. इजिप्तमध्ये नाईलवरील धरणासाठी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेली गेली. त्या कार्यांमागे शासने होती. आपल्यामागे असते ती आपली वहीखात्याची शिस्त आणि विम्याचा कागद.

आज धरणांऐवजी रस्तारुंदीकरणाने दुकाने मागे सरतात. काही इमारती तर जॅकवर उचलून हलविल्या जातात. अशा वेळी पहिली पहार लागण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी कळवावे, प्रत्येक भागाची यादी व छायाचित्रे ठेवावीत, आणि कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात हानी कोणी सोसावयाची हे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी साक्षीस येत नाही.

आमच्या वखारीतील चिरलेली एक तुळई लोखंडी पट्ट्यांनी बांधून अजून वापरात आहे. तिच्यावरील गेरूचा आकडा पुसट झाला आहे. विम्याच्या नूतनीकरणाचा कागद आला की मी प्रथम तिच्याकडे पाहतो व मग कागद अथपासून इतिपर्यंत वाचतो.